घागरीच्या गळ्यातली चिंधी

नळखेडी, ता. भोकरदन
८ मार्च १९८७

ति. आत्यास,
बेबीनंदाचा जयभीम.

बदलीच्या गावी येऊन दोन महिने झाले आणि तुला पत्र आज लिहितेय. आधी मनसोक्त शिव्या देऊन घे, मग पुढे वाच.

उपकेंद्राची खोली चांगली आहे. टेबल, लोखंडी खाट, बाळंतपणाची पेटी, कुलपाचं कपाट, सगळं आहे. नाही ते फक्त पाणी. केदारखेड्याकडे नदीत नुसती वाळू आहे आणि गावच्या दोन्ही विहिरी खरवडून झाल्यात. एक दिवसाआड सकाळी टँकर येतो. गाव चढावर आहे, टँकर खालच्या माळावर थांबतो. बाया उजाडताच घागरी लाइनीला लावतात, पाणी भरून चढ चढतात, आणि मग दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात. त्याच लाइनीत माझीही एक पितळी घागर असते.

आता माझं रडगाणं. एवढ्या मोठ्या गावात माझ्या रजिस्टरला गरोदर बायका किती, तर तीन! मी काय आंधळी आहे का? लुगड्याचा घोळ पुढे घेऊन, पदर आवळून जाणाऱ्या बाया मला दिसत नाहीत? पण विचारलं की ठरलेलं उत्तर, "न्हाई बाई, वायगोळा हाय." सगळं गाव वायगोळ्यानं फुगलंय बघ. कारण मला कळलंय. कामावरचा मुकादम कारभारी पोट दिसलं की बाईचं नाव हजेरीतून काढतो. "उद्या काई झालं तर माझ्या गळ्यात येईन," म्हणतो. म्हणून बाया लपवतात. तालुक्याहून बर्फाच्या डब्यात आणलेल्या धनुर्वाताच्या सुया मी तशाच परत नेते. रक्तवाढीच्या लाल गोळ्या कपाटात पडून आहेत.

पण खरं पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. परवा टँकरच्या लाइनीत बघते तर नंदाबाईच्या घागरीच्या गळ्याला लुगड्याची चिंधी बांधलेली. नंदाबाई आपल्या वस्तीतली. तिच्या घागरीला डांबराचा डाग आहे म्हणून मी लगेच ओळखली. एका म्हातारीनं ती घागर उचलली आणि लाइनीतून काढून बाजूला बाभळीखाली ठेवली. तिथं आधीच चार-पाच घागरी होत्या. सगळ्यांच्या गळ्यात चिंध्या. एक हिरवी पिवळ्या काठाची, एक जांभळी, अशा. नंदाबाई खाली मान घालून उभी.

माझ्या डोक्यात काय गेलं ते तुला सांगायला नको. आपली भांडी ओळखू यावीत, त्यांच्या भांड्यांत मिसळू नयेत, म्हणून खूण! १९८७ साली! पुढे काय होतं ते बघायला मी थांबलेसुद्धा नाही. एक तर टँकरच्या डिझेलच्या वासानं पोटात ढवळत होतं. तोंडाला पदर लावून तरातरा निघून आले ती थेट भोकरदनच्या गाडीत बसले. तालुक्याच्या साहेबांच्या हातात अर्ज दिला. खाली माझी सही, हुद्द्यासकट.

तुला आवडेल म्हणून सांगितलं.

तुझी,
बेबी

---

जालना
१४ मार्च १९८७

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

शिव्या दिल्या. शेजारच्या पुष्पाबाईनं विचारलं, कुणावर तोंड सोडलं एवढं? म्हटलं, भाचीचं पत्र वाचतेय.

तुझा राग वाचला आणि माझा जुना राग जागा झाला. बहात्तरच्या दुष्काळात मी अंबडकडे होते. अंगावर नर्सचा पांढरा ड्रेस, पण विहिरीवर दोर माझ्या हातात देत नव्हते. कुणी दयावान बाई येईल आणि वरून ओतेल म्हणून उन्हात उभी राहायचे. सकाळी ज्या बाईची सुटका मी केलेली, तीच दुपारी वरून ओतायची. तेव्हा अर्ज केलास ते चूक, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

पण एक विचारते. अर्ज करण्याआधी नंदाबाईला विचारलंस का? ज्याचं दुखतं त्याला आधी विचारायचं, हे मी तुला पेशंटच्या बाबतीत शिकवलं होतं. ते इथंही लागू आहे. आणि तू थांबायला हवं होतंस. घागरी बाजूला काढल्या, हे पाहिलंस. त्या आधी भरल्या की नंतर, हे पाहिलं नाहीस.

बायांचं म्हणशील तर रजिस्टर उघडं धरून फिरत जाऊ नकोस. लिहिलेल्या नावाला बाई भिते. कारण तिच्या नावाचं कागदावर जे जे झालं ते तिच्या भल्याचं नव्हतं. पिशवीत ठेव ते. त्यांच्यात बस, चार शब्द बोल.

आता दुसरं. डिझेलच्या वासानं पोटात ढवळलं म्हणतेस. लहानपणी तू रॉकेलचा डबा हुंगत बसायचीस, म्हणून तुझ्या आईचा मार खायचीस. हे ढवळणं कधीपासून? आपले जावई अण्णासाहेब परवा कारखान्याची पाळी संपवून इकडे येऊन गेले. त्यांना काही ठाऊक असावंसं दिसलं नाही. मीही विचारलं नाही.

तुझी आत्या,
चांगुणा

---

नळखेडी
२७ मार्च १९८७

ति. आत्यास,
जयभीम.

जिंकले! तालुक्याहून साहेब स्वतः जीप घेऊन आले. सगळ्या गावासमोर सांगितलं की इथून पुढे कोणत्याही घागरीला खूण चालणार नाही, कोणतीही घागर बाजूला जाणार नाही. ज्याचा नंबर त्यानं भरायची आणि ज्याची त्यानं उचलायची. टँकरवाल्या भिवाला ताकीद दिली. शिपायानं बाभळीखालच्या घागरींच्या चिंध्या विळ्यानं कापल्या. सहाच्या सहा. मी तिथंच उभी होते. मला वाटलं, तू इथं असायला हवी होतीस.

फक्त एक खटकलं. कुणाला आनंद झालेला दिसला नाही. गावातल्या बायांचं समजू शकते, पण नंदाबाई? मी तिच्याकडे बघून हसले, तर तिनं घागर उचलली आणि मान वळवून चढाला लागली. चिंधी बांधलेल्यांत एक दुर्गाबाईची घागर होती, हे मला त्या वेळी कळलं. दुर्गाबाई म्हणजे त्या म्हातारीची सून, जिनं घागरी बाजूला काढल्या होत्या. म्हातारीचं नाव सोनूबाई. गावातलं जुनं शेतकरी घर. आता त्यांच्या घागरीला चिंधी कशाला, हे मला कळलं नाही. बहुतेक भेदभाव उघडा पडू नये म्हणून एखादी त्यांचीही घालत असतील.

त्या दिवसापासून बाया मला बघून गप्प होतात. ज्या तीन यायच्या त्याही येत नाहीत.

ढवळण्याचं काही नाही. हल्ली डिझेल-रॉकेल भेसळीचं येतं, त्याला वास फार.

तुझी,
बेबी

---

जालना
१ एप्रिल १९८७

चि. बेबीस,

भेसळीचं रॉकेल जालन्यातही येतं. मला ढवळत नाही. मी पन्नाशी ओलांडली म्हणून असेल.

थट्टा पुरे. तुझं पत्र दोनदा वाचलं. ज्यांच्यासाठी भांडलीस त्याच तुझ्याशी बोलेनात, याचा अर्थ काहीतरी बिघडलंय. मला काय ते कळत नाही, पण जीव थाऱ्यावर नाही. शेतकऱ्याच्या सुनेची घागर आणि नंदाबाईची घागर एका बाभळीखाली, एकसारख्या चिंधीची. शिवाशिव पाळणारं गाव असं करत नाही गं. मी आयुष्यभर बघितलंय, त्यात अशी गल्लत कधी होत नाही.

नंदाबाईच्या घरी जा. हे पत्र मिळेल त्याच दिवशी. खाली बस आणि विचार.

चांगुणा

---

नळखेडी
१६ एप्रिल १९८७

आत्या,

तुझं पत्र चार तारखेला मिळालं. मी गेले नाही. गोवराची मोहीम होती, नंतर मीटिंग, नंतर आणखी काही. खरं सांगते, मला जायचं नव्हतं. मी चुकले असं निघालं तर, याची भीती होती.

अकरा तारखेला शनिवारी टँकर आला. मी लाइनीत होते. दुर्गाबाईचा नंबर माझ्या पाच-सहा बाया पुढे. तिनं दोन घागरी भरल्या, एक डोक्यावर, एक कमरेवर, आणि चढाला लागली. अर्ध्या चढावर तिचा पाय सरकला. घागरी गडगडत खाली आल्या. ती बसली ती उठेना. मी धावत गेले. हिरवं लुगडं, पिवळा काठ, आणि खाली मातीत रक्त. पोटाला हात लावला तर फळीसारखं कडक. आठवा महिना. आत्या, आठवा महिना, आणि माझ्या रजिस्टरला तिचं नाव नाही.

असं रक्त जात असलं की आत हात घालायचा नाही, मोठ्या दवाखान्यात न्यायचं, हे तूच घोकून घेतलेलं. पण न्यायचं कशातून? सकाळची एस.टी. गेलेली. गावात एक मोटरसायकल, तीही जालन्याला. गाडी होती ती एकच, भिवाचा टँकर. आणि तो जेमतेम निम्मा रिकामा झालेला. मागे साठ घागरी लाइनीला.

मी भिवाला म्हटलं, चल. तो म्हणाला, "बाई, पाणी सोडून गेलो तर ह्या बाया मला फाडतेन." मी लाइनीकडे बघितलं. ज्या बायांशी पंधरा दिवस माझं बोलणं नव्हतं त्यांना कोणत्या तोंडानं सांगू, की आजचं पाणी सोडा?

सोनूबाई पुढे झाली. तिनं लाइनीतली आपली राहिलेली घागर उचलली आणि जमिनीवर पालथी घातली. मग नंदाबाईनं घातली. मग एकेक करून सगळ्यांनी. साठ पालथ्या घागरी आणि उन्हात उभ्या बाया. भिवानं पुढचा दरवाजा उघडला.

वाटेत दुर्गाबाईचं डोकं माझ्या मांडीवर आणि पाय सोनूबाईच्या. मी तिच्या नाडीला धरून होते. मध्येच म्हटलं, "आजी, आठव्या महिन्यात दोन घागरी उचलू दिल्यात तुम्ही हिला?"

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही.

"चिंधी व्हती तवर सुनेनं एक घागर उचलली न्हवती," ती म्हणाली. "तुमीच कापली ना बाई."

तरीही मला कळेना. मग तिनं सांगितलं. पासष्टच्या दुष्काळात खडीच्या कामावर बायांनी हे सुरू केलेलं. पोट राहिलं की बाई आपल्याच लुगड्याच्या काठाची चिंधी घागरीला बांधते. तोंडानं बोलायचं नाही, कारण बोललं की पुरुषाच्या कानावर जातं आणि मुकादमाच्याही. चिंधी दिसली की बाकीच्या ती घागर बाजूला काढतात, पहिल्या धारेला भरतात आणि जिच्या घराकडे जिची वाट ती नेऊन पोचवते. वस्तीतली असो की गावातली. "इहिरीवर शिवाशिव पाळली आमी," सोनूबाई म्हणाली, "खोटं कशाला बोलू. देवळातबी पाळली. पर खडीच्या कामावर न्हाई पाळता आली. माझ्या पोटात व्हतं तवा भागाबाई म्हारणीनं माझं पाणी वाह्यलं. नंदाची सासू ती. तिनं वाह्यलं म्हणून पोरगा जगला. दुर्गी त्याचीच बायकू."

मी विचारलं, मग साहेब आले तेव्हा का सांगितलं नाही? ती म्हणाली, "सायबाला काय सांगावं, ह्या सहाजणी गरवार हायत म्हणून? मुकादम जवळच उभा व्हता."

आत्या, ती जात घेऊन बोलली ते मला टोचलं. पण त्याहून जास्त टोचलं ते बाकीचं.

भोकरदनला डॉक्टर होते, सलाइन लागलं, जालन्याहून रक्त आणलं. दुर्गाबाई वाचली. बाळ नाही वाचलं. मुलगी होती. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या. हे ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले.

त्या दिवशी गावाला पाणी मिळालं नाही. चौदा तारखेला वस्तीत जयंतीचे निळ्या पताका लागल्या. मी कंदिलासाठी कपाटातली काडेपेटी शोधत होते तर धनुर्वाताच्या सुयांचं रजिस्टर हाताला लागलं, कोरं. खोलीचं दार लावून रडले.

राजीनामा लिहून ठेवलाय. महिनाअखेरीस तालुक्याला देईन. नर्सचं पहिलं काम बायांना आधार देणं, आणि ह्या बायांनी वीस-बावीस वर्षं जपलेला आधार मी एका सहीनं कापला. बाकी काही लिहिवत नाही.

बेबी

---

जालना
२० एप्रिल १९८७

माझ्या लेकी,

राजीनामा फाड. हे पत्र पुरं वाचायच्या आधी फाड.

आता ऐक. तुझा राग खोटा नव्हता. तो पिढ्यांचा होता, आणि जे आपल्याशी झालं ते झालंच. पण तू तो नको त्या जागी उतरवलास. अशी चूक आपलीच माणसं करू शकतात, कारण खूण बघितली की आपल्याला आधी वाळीत टाकणंच दिसतं. ज्यांना कधी कुणी बाजूला काढलं नाही त्यांनी ती चिंधी बघून फार तर विचारलं असतं. म्हणून स्वतःला दोष दे, पण चुकीइतकाच दे. मुकादमानं नावं काढली नसती तर बायांना चोरून जगावं लागलं नसतं, आणि लपवावं लागलं नसतं तर तूही फसली नसतीस. तो वाटा तुझा नाही.

दुर्गाबाईच्या घरी जा. क्षमा मागायची तर तिची माग. माझ्याकडे मागून उपयोग नाही.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. तुम्ही सगळे मला वांझोटी समजता आणि मी समजू दिलं. बहात्तरला मला चौथा महिना होता. कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही. दोन वेळा आधी गेलेलं, म्हणून वाटायचं की बोललं की जाईल. दुष्काळात रजा मिळत नाही, कामावरून नर्स हलवली तर बायांना कोण बघणार, असंही स्वतःला सांगायचे. विहिरीवर उभी राहून पाणी मिळालं की दोन मैल घागर घेऊन चालायचे. एक दिवस वाटेतच झालं. मी ओढ्याकाठी बसले आणि उठून पुन्हा कामाला गेले. दुसऱ्या दिवशी बायांना ओझं उचलू नका म्हणून सांगत होते.

त्या गावातही बाया चिंधी बांधत असतील. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता तू बायांवर रुसतेस, की त्या माझ्यापासून का लपवतात. बेबी, तू काय करून राहिलीस? भेसळीचं रॉकेल म्हणे! मला पत्रात नाही लिहिलंस तरी चालेल. पण तुझ्या जवळच्या एका बाईला तरी सांग. एकीला.

तुझी आत्या

---

नळखेडी
१२ मे १९८७

ति. आत्यास,
जयभीम.

राजीनामा फाडला. पत्र पुरं वाचायच्या आधीच.

दुर्गाबाईकडे गेले. ती अंगणात बसली होती, माझ्याकडे पाहिना. मी म्हटलं, "दुर्गाबाई, माझं चुकलं. मी न विचारता केलं." मग म्हणाली, "बसा." एवढंच. पण त्या एका शब्दानं मला घरी जाताना चालता आलं. दुसऱ्या दिवशी लाल गोळ्या घेऊन गेले. तिसऱ्या दिवशीही. सातव्या दिवशी तिनं स्वतःहून हात पुढे केला.

मग दुसरा अर्ज लिहिला. तुला हसू येईल. साहेबांना लिहिलं, की ज्या घागरीत आरोग्य खात्यातर्फे पाणी शुद्ध करायची पावडर टाकली जाते, त्या घागरींना ओळखीसाठी चिंधी बांधणं आणि त्या आधी भरून वेगळ्या नेणं गरजेचं आहे. साहेबांनी मंजूर केलं, वर आरोग्य खात्याचं कौतुकही केलं. मुकादम कारभारी मला विचारत होता, "बाई, आमच्या घागरीत कधी टाकता पावडर?" म्हटलं, तुमचा नंबर यायला वेळ आहे. सोनूबाई पदराआड इतकी हसली की तिला खोकला लागला.

रजिस्टर कपाटात कुलपात ठेवलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला बांधली, सगळ्या बायांसमोर. सांगितलं, ही यादी माझ्याशिवाय कुणी बघणार नाही, मुकादम मागायला आला तर माझ्या अंगावरून जावं लागेल. आता एकोणीस नावं आहेत. वायगोळे ओसरले म्हणायचे. सगळ्यांना सुई दिली. दोघींच्या अंगावर सूज होती, त्यांना वेळेत भोकरदनला धाडलं. खोलीत झाकणाचा एक पिंप ठेवलाय. टँकर आला की प्रत्येक बाई आपल्या घागरीतला एक तांब्या त्यात ओतून जाते. ते पाणी फक्त बाळंतपणाचं. गेल्या आठवड्यात नंदाबाई त्या पाण्यावर सुखरूप सुटली. मुलगा आहे. रडतो असा की टँकरचा हॉर्न त्यापुढे काही नाही. पाचवीला सोनूबाई वस्तीत गेली होती. ओट्यावर बसली आणि चहा प्याली. वस्तीतल्या बायांना नवल वाटलं, मलाही वाटलं, पण ती एवढीच म्हणाली, "भागाबाईचा नातू हाय." आणि नंदाबाईच्या दिरानं पाट आणला तर, "पाट कशाला, भुईवर बसते मी," म्हणाली.

हे सगळं लिहिलं, पण तू जे विचारलंस ते राहिलंच. मी कुणाला सांगितलं नाही, आत्या. पुष्कळदा तोंडापर्यंत आलं. मागल्या खेपेला पेढे वाटले आणि आठवड्यानं गेलं, ते तुला माहीत आहे. चौथा महिना लागला तरी जीभ उचलेना. एकोणीस बायांना म्हणते, लपवू नका. आणि स्वतः अजून टँकरच्या धुराला तोंडाला पदर लावून उभी.

आज सकाळी टँकर आला. मी घागर लावून जरा बाजूला सावलीत थांबले. परत आले तर माझी घागर लाइनीत नव्हती. मला वाटलं कुणी सरकवली. शोधत गेले तर बाभळीखाली, सहा-सात घागरींमध्ये. आणि गळ्याला चिंधी.

हिरवी. पिवळ्या काठाची.

मी ती हातात धरून बघत राहिले. ते लुगडं मी ओळखते, आत्या. भोकरदनच्या वाटेवर माझ्या मांडीवर होतं. ते तिनं धुतलं होतं आणि त्याचा काठ फाडून मला बांधला होता.

मागे वळून बघितलं तर दुर्गाबाई उभी होती. म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "सांगायला कशाला लागतंय? पयल्या महिन्यापासून तोंडाला पदर लावून राह्यल्या तुमी. साऱ्या लायनीला ठावं हाय." मग म्हणाली, "तुमचं तरी वाया जाऊ नई, बाई."

मला रडू आवरेना. माळावर, सगळ्यांदेखत. मी घागर उचलायला वाकले तर सोनूबाईनं माझा हात झटकला. पहिल्या धारेला माझी घागर भरली आणि तिच्या पांढऱ्या डोक्यावर घेतली. तीच, जिच्या विहिरीवर आपल्या माणसांनी हात लावलेला चालला नसता. म्हणाली, "तुमी सावलीनं या. घाई न्हाई."

ती पुढे, मी मागे. चढ चढून उपकेंद्राच्या ओट्यावर तिनं घागर ठेवली आणि चिंधी नीट आहे ना ते बघून गेली.

एकीला सांग म्हणाली होतीस. मी सांगायच्या आधीच सगळ्यांनी ऐकलं. आता तुलाही कळवते. चौथा महिना.

तुझी,
बेबी

---

जालना
१५ मे १९८७

चि. बेबी,

पत्र आत्ताच मिळालं. पुष्पाबाईनं विचारलं, का रडता? म्हटलं, डोळ्यांत रॉकेल गेलं.

अण्णासाहेबांना तू सांग, ते काम मी करणार नाही. एवढी मोठी सरकारी बाई, नवऱ्याला भितेस?

उद्याच्या पहिल्या गाडीनं येते. थोडे दिवस राहीन, हाकललंस तरी. दुर्गाबाईला एक लुगडं आणतेय, तिच्या लुगड्याचा काठ कमी झाला ना. हिरवंच मिळालं.

टँकर बाराला आला होता, एक दिवसाआड म्हणजे अठराला पाळी. मी लाइनीत उभी राहीन. पंधरा वर्षांपूर्वी एक घागर वाहायला कुणी नव्हतं, तुझी मी वाहीन. तोवर तू हात लावू नकोस.

आत्या